सोयाबीन सोंगून वावरात पडलंय आणि दोन दिवसांत वादळ येणार म्हणतात, आधी काय करू?

भाऊ, तुमचा प्रश्न वाचून हसू पण आलं आणि पोटात गोळा पण, कारण दसरा-दिवाळीच्या मधात दरवर्षी माझी हीच गत असते. तुम्ही लिहिलंय की पुण्याची नोकरी सोडून वडिलांची सात एकर पहिल्यांदाच करताय, तीन एकर सोयाबीन सोंगून पडलंय, एक एकर उभं आहे, बाकी कपाशी फुटलेली, दारात दोन बैल आणि एक गाय, गोठ्यावर टिनं, आणि बंगालच्या उपसागरातल्या वादळामुळे जिल्ह्याला ऑरेंज अलर्ट आहे तर आधी काय करू, आणि रात्री झोप येत नाही. झोपेचं शेवटी सांगतो.

मी पांढरकवड्याकडचा. पैनगंगा ओलांडली की तेलंगणा, म्हणजे आंध्राच्या किनाऱ्यावर जे काही चढतं ते विदर्भात शिरताना बहुतेक वेळा आमच्या अंगणातूनच जातं. एकोणीस-वीस हंगाम झाले असतील, त्यातले तीन-चार चांगले अंगावर आले.

पहिली गोष्ट, उभं एक एकर विसरा. हे ऐकून वडील चिडतील, शेजारचे म्हणतील मजूर भेटून रायले तर घे ना बे सोंगून, पण नका सोंगू. उभ्या झाडाच्या शेंगेवर पाणी पडलं तर ऊन निघाल्यावर वाळतं, दाणा थोडा डागतो, फार लांबलं तर शेंगा तडकतात, पण बरंचसं घरात येतं. सोंगून जमिनीवर पसरलेलं एकदा भिजलं की खालून ओल, वरून पाणी, अन् तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंगेतून पांढरे कोंब बाहेर. आज सोंगलेल्याची उद्या गंजी, म्हणजे रचून लावलेला ढीग, लागली पाहिजे, ती लागणार नसेल तर विळा घरी ठेवा. असलेले सगळे मजूर तीन एकर गोळा करायला लावा, भाव जास्त मागतील, द्या.

वादळाबद्दल थोडं समजून घ्या म्हणजे भीती जरा कमी होईल. ताशी ६३ किलोमीटरच्या वर वारा गेला की हवामान खातं त्याला चक्रीवादळ म्हणतं, पण त्याची ताकद सगळी गरम समुद्रातून उठणाऱ्या वाफेची असते आणि जमिनीवर आलं की ती तुटते. २०२५ चं मोंथा २८ ऑक्टोबरच्या रात्री आंध्रात नरसापूरजवळ किनाऱ्यावर चढलं तेव्हा तीव्र चक्रीवादळ होतं, इकडे येईस्तोवर त्याचा जोर मोडला होता. म्हणून टीव्हीवर नारळाची झाडं वाकलेली दाखवतात ती आपली गोष्ट नाही. आपली गोष्ट म्हणजे दोन-तीन दिवसांची झड आणि मधात मधात येणारं वावधन, दहा-पंधरा मिनिटांचं, पण टिनं अन् ताडपत्री न्यायला तेवढं पुरतं. अन् कमजोर झालं म्हणजे संपलं असंही नाही. २०२१ चं गुलाब २६ सप्टेंबरला कलिंगपट्टणमजवळ चढलं, आपल्या डोक्यावरून अन् मराठवाड्यावरून पाणी ओतत अरबी समुद्रात उतरलं आणि तिथे पुन्हा जोर धरून शाहीन नावानं ओमानला गेलं.

त्याच गुलाबात माझी गंजी गेली. माझ्याच मूर्खपणानं गेली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

९५६० जातीचं सोयाबीन होतं, लवकर येणारं, चार एकर सोंगून गंजी लावलेली. नवी ताडपत्री आणली, छान ताणून टाकली, चारही कोपऱ्यांना दोरी बांधून खुंट्या ठोकल्या, कडेनं दगड ठेवले आणि घरी येऊन चहा प्यायलो. शेजारचे आबाजी बंडी घेऊन चालले होते, वावराजवळ थांबले, पाहिलं, म्हणाले, "पाणी नाई नेत बे गंजी, हवा नेते." मी हो आबाजी म्हणालो आणि काहीच केलं नाही. रात्री कधीतरी हवेनं खालून शिरकाव केला, ताडपत्री फुग्यासारखी फुगली असेल, दोरी तुटली नाही पण दोरी ज्या कड्यांना बांधली होती त्या कड्याच फाटून निघाल्या. सकाळी ताडपत्री दोन वावरं पलीकडे बाभळीवर होती आणि चार खुंट्या दोरीसकट जागच्या जागी ठोकलेल्या. अजूनही त्या खुंट्या डोळ्यांपुढे येतात.

तर आता असं करतो. गंजी उंचवट्यावर, धुऱ्याच्या खालच्या अंगाला कधीच नाही. खाली तुराट्या किंवा जुन्या पऱ्हाट्यांचा थर, म्हणजे बुडाला पाणी लागत नाही. शेंगा आत, बुंधे बाहेर, आणि वरचा भाग पसरट न ठेवता घराच्या छपरासारखा उतरता. सपाट गंजीवर ताडपत्रीत पाण्याचं तळं होतं आणि एका छिद्रातून सगळं आत जातं. भोवती वीतभर खोल चर, आणि ताडपत्रीची कड त्या चरात घालून वरून माती दाबायची, दगड नाही. दगडाच्या दोन बाजूंनी हवा शिरते, दाबलेल्या मातीतून शिरत नाही. मग ताडपत्रीच्या वरून, कड्यांना नाही, पूर्ण गंजीवरून आडव्या-उभ्या दोऱ्या टाकायच्या, माळव्याच्या पोत्यावर टाकतो तशा, आणि दोन्ही टोकांना युरियाच्या रिकाम्या थैल्यांत रेती भरून लोंबकळत ठेवायच्या. हवा सुटली की थैल्या थोड्या हलतात पण दोरी ढिली पडत नाही.

चारही बाजू सारख्याच का बांधायच्या त्याचंही कारण आहे. आपल्या अर्ध्या पृथ्वीवर कमी दाबाभोवती हवा घड्याळाच्या उलटी फिरते, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिलात तर कमी दाब साधारण तुमच्या डाव्या हाताला. म्हणजे ते पुढे सरकलं की हवेची दिशा पण बदलते. संध्याकाळी एका अंगानं येत होती ती पहाटे दुसऱ्याच अंगानं येते, आणि तुम्ही तर एकच बाजू मजबूत केलेली. गडगडाटी ढगाची हवा याच्याहून वेगळी, ती ढगातून थंड होऊन खाली आदळते आणि जमिनीवरून चहूकडे पसरते, पाण्याच्या जरा आधी पोचते. उकाड्यात अचानक थंडगार झुळूक आली अन् मातीचा वास आला की हातातलं काम तिथेच टाकायचं. एवढी दोरी बांधून होऊ दे म्हणणारा माणूसच वावरात सापडतो. विजेसाठी मोबाईलमध्ये दामिनी ॲप टाकून घ्या, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं बनवलंय, आसपास वीज पडायची शक्यता असली की इशारा येतो. अन् झाडाखाली नाही, मग ते मोहाचं असो की निंबाचं, लोक पाणी चुकवायला झाडाखाली जातात आणि तिथेच जातात.

मळणी आजच्या आज उरकायचा मोह होईल. थ्रेशर भेटला तर करा, पण रात्री दोन वाजता, अर्ध्या झोपेत, गमछा गळ्यात लोंबत असताना नका करू, घाईत हात गेलेला माणूस आमच्या गावात आहे. मळून झालं तर दाणा घरात न्या आणि कुटार पण झाका, बैल वर्षभर काय खाणार.

आता कपाशी. फुटलेली बोंडं भिजली की कापूस काळपट पडतो, कवडी, म्हणजे डागी खराब कापूस, वाढते आणि भावाच्या वेळी व्यापारी बोटांनी चिमटीत धरून नाक मुरडतो. म्हणून उद्या दव उतरल्यावर, म्हणजे नऊ-दहाच्या नंतर, जेवढं पूर्ण फुटलंय तेवढं वेचून घ्या. अर्धवट उमललेल्याला हात लावू नका. ओलसर कापूस कोरड्यात मिसळू नका, ढीग आतून तापतो, आणि सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, १२ च्या वर घेतच नाहीत. घरात कापूस ठेवायला दुसरी खोली नसेल तर अंगाला खाज सुटेल ती सोसा, मात्र एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना, लेकरांना पण, बजावून सांगा की लाइन गेल्यावर त्या खोलीत मेणबत्ती, चिमणी, बिडी काही न्यायचं नाही. फक्त बॅटरी. पाण्यानं गेलेल्या कापसाचा थोडा तरी पैसा होतो.

कपाशीच्या अन् तुरीच्या वावरातून पाणी बाहेर जायला वाट आहे का ते आजच कुदळ घेऊन पाहून या. धुऱ्याला उताराच्या बाजूनं तास मोकळा करून ठेवा. भर पाण्यात कोणी जात नाही, जाऊ पण नये.

गोठ्याचं म्हणाल तर टिनांवर दगड ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे आणि मला ती अजिबात पसंत नाही, टिन उचललं की दगड बैलाच्या पाठीवर. वर चढून हुक हलवून पाहा, ढिले असतील तर नट कसा, आणि पुढच्या काठावरून जाड तार टाकून खांबाला पीळ द्या, काठच आधी उचलतो. वर वजन पाहिजेच असेल तर तीच रेतीची थैली. इतकं करूनही गोठा डगमगतो वाटलं तर जनावरं त्या रात्री घराच्या भिंतीच्या आडोशाला, सुटणाऱ्या गाठीनं बांधा. झाडाखाली किंवा तारेच्या कंपाउंडला बांधू नका. विहिरीवरच्या मोटरचा मेन स्विच बंद करून या, स्टार्टर काढता येत असेल तर काढा. वादळानंतर तार पडलेली दिसली तर तिच्यात करंट आहे असंच समजायचं, लाइन गेलेली असली तरी.

विम्याच्या भरवशावर राहू नका. एक रुपयाचा पीक विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला आणि त्यासोबत सोंगणीनंतर वावरात भिजलेल्या मालाची भरपाई पण गेली, भरपाई सगळी पीक कापणी प्रयोगावर आली, म्हणजे आसपासच्या गावांचं मिळून जे महसूल मंडळ असतं त्याचं सरासरी उत्पन्न घटलं तर भेटणार. तुमची एकट्याची गंजी भिजली तर तो हिशोब तुमच्या घरचा. तरी आज संध्याकाळी चांगल्या उजेडात गंजीचे, कपाशीचे, गोठ्याचे फोटो काढून ठेवा, लोकेशन चालू ठेवून, आणि नुकसान झालं तर परत त्याच जागेवरून. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक पंचनाम्याला येतील तेव्हा आधी काय होतं हे तोंडानं सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं.

एक चूक नंतरची पण सांगतो, ती मी वेगळ्या वर्षी केली. त्या वर्षी गंजी कोरडी राहिली, मी खूश, ताडपत्री तशीच तीन दिवस ठेवली, आणखी येईल म्हणून. चौथ्या दिवशी आत हात घातला तर ताज्या भाकरीसारखा गरम लागला, आणि वास आंबूस. पाणी थांबून दोन-चार तास जरी उघडीप मिळाली तरी एक बाजू उघडून हवा द्या, संध्याकाळी परत झाका. कंटाळवाणं आहे पण दुसरा उपाय नाही.

आता झोप. सगळं बांधून झाल्यावर जी संध्याकाळ असते ना, हवा बंद, झाडाचं पान हलत नाही, आभाळ पिवळसर, अन् गावात सगळे ओट्यावर बसून मोबाईलमध्ये तेच एक गोल गोल फिरणारं चित्र पाहतात, ती मला वादळापेक्षा जड जाते. आमच्याकडे त्यावर एक उपाय आहे, आदिलाबादला माझी आत्या असते, तिला फोन लावायचा. ती म्हणते, "अजून नाई आलं, जेवून घ्या." मग आम्ही जेवतो. दोनेक तासांनी तिचाच फोन येतो की इकडे सुरू झालं, मग मी एकदा उठून बैलांकडे जाऊन येतो, गाठी पाहतो आणि खरंच झोपतो, कारण त्यापुढे करण्यासारखं काही नसतं. कधी कधी तिचा फोन येतच नाही. एका वर्षी ऑरेंज अलर्ट होता, आम्ही दोन दिवस राबलो, आणि चार थेंब पडून ऊन निघालं. पोरं माझ्या रेतीच्या थैल्यांना पाहून हसत होती. हसू द्या. तुमचं कोणी नांदेडला, चंद्रपूरला, आदिलाबादला असेल तर नंबर काढून ठेवा, रडारपेक्षा त्यांचं मला जास्त पटतं.

अन् हे लिहायचं राहूनच गेलं, दळण आजच आणा. गहू-ज्वारी दोन्ही, आठ दिवसांचं. लाइन गेली की चक्की बंद, आणि उद्या दुपारपर्यंत हे सगळ्या गावाच्या लक्षात आलेलं असेल.