डेकनेट लावलं की मॅक अॅड्रेसच बदलतोय, हे काय गौडबंगाल?

प्रश्न: सर, कुपवाड एमआयडीसीत आमच्याकडं ओपनव्हीएमएस या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणारं जुनं अल्फा मशीन आहे. एका जुन्या सिस्टीमचा डेटा घ्यायला त्यावर डेकनेट (डेक कंपनीचा जुना नेटवर्क प्रोटोकॉल) लावायचं होतं, म्हणून स्टार्टअपमध्ये टीसीपी/आयपीच्या खाली त्याची ओळ टाकली तर ते उठेचना. वर नेली तर उठलं, पण राउटरपलीकडच्या मिरजेच्या ऑफिसातनं मशीन दिसायचं बंद, आणि दुसऱ्या दिवशी कुणी हात न लावता सगळं चालू! वर दुसरं नेटवर्क कार्ड त्याच स्विचला जोडलं की दोन्हींची बोंब. कार्ड बदलू का?

उत्तर: कार्डाला हात लावू नका हो, ते बिचारं निर्दोष आहे. डेकनेट फेज ४ (त्याची चौथी आवृत्ती) कार्डावर छापून आलेला मॅक, म्हणजे कार्डाचा हार्डवेअर पत्ता, वापरतच नाही, स्वतःच्या नोड नंबरावरनं नवा बनवून कार्डावर चढवतं. तुमचा नोड १.५ (म्हणजे एरिया १, नोड ५) असेल तर एरियाला १०२४ ने गुणून त्यात ५ मिळवायचे, झाले १०२९, ते हेक्समध्ये ०४०५, बाइट उलटे लावले की मॅक होतो एए-००-०४-००-०५-०४. असं केल्यानं एआरपीसारखी ('या आयपीचा मॅक कुठला?' अशी) विचारपूस करावी लागत नाही, नोड नंबर माहीत असला की समोरच्याचा मॅक आपसूक कळतो. डोकं भारी लावलंय, पण कार्डावर आपण एकटेच आहोत असं धरून.

आता टीसीपी/आयपी आधी उठलं की ते जुना मॅक धरून बसतं, चालू कार्डाचा मॅक मग बदलता येत नाही, म्हणून डेकनेट अडतं. त्यामुळं डेकनेट सगळ्यात आधी, मग टीसीपी/आयपी, लॅट (टर्मिनल जोडणारा डेकचा प्रोटोकॉल) वगैरे, हा क्रम मोडायचा नाही.

मिरजेचं कोडं राउटरचं. मोबाईल नंबर बदलला तरी लोकं जुन्यावरच फोन लावत बसतात तसं, तुमच्या आयपीसमोर त्याच्याकडं जुनाच मॅक लिहिलेला होता. सिस्कोच्या राउटरवर ही नोंद डिफॉल्टनं ४ तास राहते. राउटरवर एआरपी कॅशे (याच नोंदी) क्लिअर मारा, काम लगेच होतं. डीएचसीपीत (आयपी वाटणाऱ्या सेवेत) मॅकनुसार रिझर्व्हेशन किंवा स्विचवर पोर्ट सिक्युरिटी (ठरावीक मॅकलाच पोर्ट वापरू देणं) असेल तर तिथंही नवा मॅक टाका, हे हमखास राहून जातं.

दुसऱ्या कार्डावरही डेकनेट लावलंय ना? मग दोन्हींना तोच मॅक मिळतो आणि स्विचला कळत नाही कुठल्या पोर्टात पाठवायचं. एक तर डेकनेट एकाच कार्डावर ठेवा नाहीतर दुसरं कार्ड वेगळ्या व्हीलॅनमध्ये (स्विचमध्येच पाडलेल्या वेगळ्या नेटवर्कात) टाका, माझं मत विचाराल तर पहिलंच करा, एवढ्याशा डेटासाठी दोन कार्डं कशाला.