एकच पीडीएफ नेटवर पण आणि प्रेसला पण, चालेल का?

प्रश्न : आम्ही काही जण मिळून एक अंक काढतोय. पीडीएफ मोठी होती म्हणून ऑनलाइन पाठवायला कॉम्प्रेस केली, स्क्रीनवर एकदम मस्त दिसते. तीच प्रेसला दिली तर ते म्हणाले फोटो फुटतायत, ब्लीड पण नाही, दुसरी द्या. दोन फाइल कराव्याच लागतात का?

उत्तर : हो, कराच. आणि दोन्ही मूळ फाइलमधूनच काढा, कॉम्प्रेस केलेली पीडीएफ परत मोठी करायच्या भानगडीत पडू नका, कारण कॉम्प्रेस करताना फोटोतले पिक्सल कायमचे गेलेले असतात आणि नंतर साइज वाढवून ते परत येत नाहीत, फोटो फक्त धूसर होतो.

साधा हिशोब बघा. छपाईला इंचाला ३०० पिक्सल धरतात. म्हणजे १२०० पिक्सल रुंदीचा फोटो ४ इंचापर्यंत छान छापला जाईल, तोच ८ इंच ताणला की १५० वर आला. स्क्रीनवर १५० पुष्कळ झाले म्हणून तुम्हाला काही खटकलं नाही. फोटो मागवताना पण मेसेजमधे फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर तो तुमच्यापर्यंत येतानाच बारीक होऊन येतो.

ब्लीड म्हणजे पानाच्या कडेपर्यंत जाणारा रंग किंवा फोटो कडेच्या बाहेर साधारण ३ मिमी वाढवून ठेवायचा. ए४ पान २१० बाय २९७ मिमीचं, ब्लीडसकट २१६ बाय ३०३. कटिंगला गठ्ठा जरासा जरी सरकला तरी ब्लीड नसेल तर कडेला पांढरी रेघ उरते. मजकूर मात्र उलटा कडेपासून ५ मिमी तरी आत ठेवा. नेटवरच्या फाइलला ब्लीड, क्रॉप मार्क (कुठे कापायचं ते दाखवणाऱ्या कोपऱ्यातल्या रेघा) काहीच नको, वाचणाऱ्याला ते उगाच दिसत राहतं.

रंगांचं पण तसंच. स्क्रीन आरजीबी म्हणजे लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाची, छपाई सीएमवायके म्हणजे निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी अशा चार शाईंची, आणि स्क्रीनवरचा तो झगझगीत निळा-हिरवा चार शाईंत बसतच नाही, तो मळकट येणार हे आधीच धरून चला. मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती काळ्या मजकुराची गोष्ट. आरजीबीतला काळा बदलताना बऱ्याचदा चारही शाईंचा होतो, मग छापताना प्लेट केसभर सरकली की बारीक अक्षरांना रंगीत सावली येते, मात्रा-वेलांट्या तर पार भरून जातात. मजकूर फक्त काळ्या शाईत, के (म्हणजे काळी शाई) १०० टक्के आणि बाकी तिन्ही शून्य, एवढं नक्की तपासा. आणि एक्सपोर्ट करायच्या आधीच प्रेसला विचारा, पीडीएफ एक्स-१ए हवी की एक्स-४, हे छपाईच्या पीडीएफचे दोन ठरलेले प्रकार आहेत. एक्स-१ए मधे आरजीबी आणि ट्रान्सपरन्सी (खालचं दिसेल असे अर्धपारदर्शक भाग) चालत नाही, एक्स-४ मधे चालते.

प्रश्न : प्रेसवाले फॉन्ट कर्व्ह करून द्या म्हणतात. तसं केलं तर नेटवरच्या फाइलमधे सर्चच होत नाही.

उत्तर : होणारच नाही, कर्व्ह केलं की अक्षर अक्षर राहत नाही, नुसती आकृती होते. कर्व्ह फक्त प्रेसच्या कॉपीत करा, ती पण वेगळ्या नावाने सेव्ह करून, मूळ फाइल कर्व्ह करून बसलात तर शेवटच्या क्षणी एक शब्द सुधारायचा म्हटलं तरी जमणार नाही. खरं तर फॉन्ट पीडीएफमधेच नीट एम्बेड झाला, म्हणजे फाइलच्या आत साठवला गेला असेल तर कर्व्हची गरज पडत नाही, प्रेसला एकदा विचारून बघा.

नेटच्या फाइलमधे मजकूर युनिकोडमधेच हवा, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला कोड असतो. जुन्या फॉन्टमधे दिसतं मराठी पण आत भलतेच कोड असतात, त्यामुळे शोधायला गेलं की काही सापडत नाही आणि स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या वाचकाला निरर्थक आवाज ऐकू येतात. तो पण आपलाच वाचक आहे, त्याच्यासाठी एवढं करायलाच हवं. युनिकोड असलं तरी एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमधे पेस्ट करून बघा, पहिली वेलांटी बऱ्याचदा जागा सोडते. शक्यतो प्रिंट टू पीडीएफ न करता एक्सपोर्ट किंवा सेव्ह अ‍ॅज करा आणि टॅगचा (कुठला भाग हेडिंग, कुठला परिच्छेद ही आतली खूण) पर्याय चालू ठेवा, म्हणजे हेडिंग, लिंक शाबूत राहतात.

प्रश्न : ६२ पानं झालीत, मधे पिना मारायच्यात. चालेल?

उत्तर : नाही, पिनेच्या अंकाला ४ च्या पटीत पानं लागतात. २ वाढवून ६४ करा नाहीतर ६० वर आणा. आणि पानं सुटी सुटी द्या, समोरासमोर जोडून नको, ती मांडणी प्रेसवाले करतात.