‘ग्रुपमध्ये सगळं मलाच करावं लागतं’

कॉलेजांमध्ये प्रोजेक्ट रिव्ह्यूच्या तारखा लागल्या की कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एकच वाक्य वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतं. "मॅडम, ग्रुपमध्ये सगळं मलाच करावं लागतं. बाकीचे नुसते नाव घालायला." कधी मुलगा म्हणतो, कधी मुलगी. सोबत आईवडील असले तर त्यांचीही पुरवणी असते. "इंजिनिअरिंगला घातलंय ओ आम्ही. आणि तिथं हे ग्रुपचं काम, मार्केटिंग, कॉस्टिंग, स्टेजवर उभं राहून बोलायचं. मशीन शिकवायचं सोडून हे कशाला?"

आधी या ‘कशाला’चं उत्तर देते, कारण पालकांची निम्मी घालमेल तिथंच असते. देशोदेशींच्या अभियांत्रिकी पदव्या एकमेकांकडं ग्राह्य धरण्यासाठी वॉशिंग्टन करार नावाचा एक करार आहे. २०१४ साली भारत त्याचा कायम सदस्य झाला. आपल्याकडं हे काम बघणाऱ्या नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रेडिटेशननं पदवीधराला काय काय आलं पाहिजे याची जी यादी केली आहे, तिच्यात गणित आणि डिझाइनच्या बरोबरीनं संघात काम करणं, आपलं म्हणणं मांडता येणं आणि प्रकल्पाचं व्यवस्थापन व खर्चाचा हिशेब हेही आहे. म्हणजे कुणा प्राध्यापकाच्या मनात आलं म्हणून हे घुसडलेलं नाही. आणि कोल्हापुरात तर हे समजावून सांगायची गरजच पडू नये. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कुठल्याही फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, एक कास्टिंग रिजेक्ट होऊन परत आलं की पॅटर्नवाला, मोल्डिंगवाला, भट्टीवाला आणि गिऱ्हाईक अशा चौघांशी बोलल्याशिवाय दोष सापडत नाही, आणि तो दोष केवढ्याला पडला हेही कुणाला तरी मांडावंच लागतं.

आता विराजबद्दल. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, आणि लिहिते आहे ते त्याला विचारून.

विराज मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला. करवीर तालुक्यातलं गाव, वडील शिरोलीत मशीन ऑपरेटर, घरातला पहिला इंजिनिअर होणारा. आई त्याला घेऊन आली तेव्हा तक्रार होती झोपेची. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत लॅपटॉपसमोर, सकाळी उठून पुन्हा तेच, जेवणाकडं लक्ष नाही, धाकट्या बहिणीवर विनाकारण खेकसणं. चौघांचा प्रोजेक्ट होता, गुऱ्हाळात काहिलीतला, म्हणजे गुळाच्या मोठ्या कढईतला, उसाचा रस ढवळणारं यंत्र. नुसतं यंत्र करून भागणार नव्हतं. कॉलेजनं वापरणाऱ्यांशी बोलून गरज समजून घ्या, यंत्राची किंमत काढा, ते कोण का विकत घेईल ते मांडा आणि शेवटी सगळ्यांनी मिळून सादर करा असं सांगितलं होतं.

"बाकीचे तिघं काय करतात?" मी विचारलं.

"काही नाही. एक जण गावाला जाऊन बसतो. एक फोन उचलत नाही. साक्षी विचारते अधूनमधून, काय करू म्हणून. पण तिला काय जमणार?"

"तिनं विचारल्यावर तू काय सांगितलंस?"

"म्हटलं राहू दे, मी करतो."

पहिल्या भेटींमध्ये मी त्याच्याशी वाद घातला नाही. तिघांची बाजूही मांडली नाही. अशा मुलांना कुणीतरी ‘तू पण थोडं समजून घे’ म्हटलं की ती आणखी मिटतात. घरी, कॉलेजात सगळे तेच म्हणत असतात. झोपेचं वेळापत्रक लावलं, जेवणाचं लावलं, आणि तो जे सांगेल ते ऐकत राहिले. ऐकताना एक गोष्ट खटकत होती. त्याच्या बोलण्यात तिघांनी काय केलं नाही ते सगळं होतं, पण यानं त्यांच्याकडं काय मागितलं ते कुठंच येत नव्हतं.

एके दिवशी मी त्याला प्रोजेक्टचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडायला सांगितला. म्हटलं, फक्त तुझे मेसेज वाच. बाकीच्यांचे सोड. मोठ्यानं वाच.

तो वाचू लागला. "मी करतो. झालंय. राहू दे. उद्या टाकतो. मी बघतो. ते नको, मी केलंय. राहू दे." सुरुवातीला त्याच्या आवाजात जरा पुरावा दाखवल्याचा जोर होता, बघा मी किती केलंय. पुढं पुढं तो जोर गेला. पाच-सहा आठवड्यांचे मेसेज वाचून झाल्यावर तो थांबला.

"यात प्रश्न किती आहेत?" मी विचारलं.

त्याला वाटलं माझा प्रश्न त्याला कळला नाही. मग त्यानं अंगठ्यानं वर सरकवत सगळं पुन्हा पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"एकपण नाही," तो म्हणाला.

"का रे?"

"कॉस्टिंग मला येत नाही, मॅडम. विचारलं असतं तर त्यांना कळलं असतं."

"आणि कळलं असतं तर?"

"मग मी कसला टॉपर?"

माझ्या इतक्या वर्षांच्या कामात अशी वाक्यं जपून ठेवावीशी वाटतात. झोप उडाली होती ती या वाक्यापायी, आणि आळशी मित्र हे त्याचं वरवरचं कारण होतं. दहावीपासून गावात ‘विराजला सगळं येतं’ ही ख्याती. ती सांभाळायची तर न येणारी गोष्ट कुणाच्या नजरेला पडता कामा नये, आणि ती नजरेला पडू द्यायची नसेल तर कुणाला काम द्यायचं नाही, काही विचारायचं नाही, सगळं स्वतःच्या अंगावर घ्यायचं. वर त्याचा राग यायचा तो तिघांवर. ‘ग्रुपमध्ये सगळं मलाच करावं लागतं’ म्हणणाऱ्या मुलांमध्ये मला हे इतक्या वेळा दिसलं आहे की आता मी सर्वांत आधी प्रश्नच शोधते. कोण काम करत नाही याच्या आधी, हा मुलगा कुणाला काय विचारतो?

माझी घडण विवेकनिष्ठ विचारपद्धतीत झाली आहे, आणि तिचे प्रवर्तक, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची एक गोष्ट मी अशा मुलांना आवर्जून सांगते. तरुणपणी त्यांना चारचौघांत बोलायची भयंकर भीती वाटायची. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी ठरवून, भीती वाटत असतानाच, लोकांसमोर भाषणं करायला सुरुवात केली. आधी भीती जाऊ दे, मग बोलतो, असा क्रम त्यांनी लावला नाही. फजिती झाली तर ती गैरसोयीची असते, पण सोसता येते, हे त्यांनी आधी करून पाहिलं आणि मग शिकवलं. विराजला हे पटलं. पण नुसतं पटण्यावर माझा कधीच विश्वास नसतो. म्हणून त्याला काम दिलं, रोज एक प्रश्न विचारायचा. ज्याचं उत्तर तुला खरोखर माहीत नाही असा. पहिला प्रश्न ग्रुपमधल्याच कुणाला तरी.

त्यानं साक्षीला विचारलं, यात तुला काय करायला आवडेल? ती म्हणाली, "अरे, माझ्या मामांचं गुऱ्हाळ आहे. मी पहिल्या दिवसापासून सांगणार होते. तू राहू दे म्हणालास."

हे सांगताना त्याचे कान लाल झाले होते. मी काहीच बोलले नाही. तिथं माझ्या बोलण्याची गरजही नव्हती.

त्या आठवड्यात चौघं मामांच्या गुऱ्हाळावर गेले. फोन न उचलणारा मुलगाही गेला, कारण त्याच्याकडं मोटारसायकल होती आणि कुणीतरी पहिल्यांदाच त्याला येतोस का म्हणून विचारलं होतं. विराजच्या डिझाइनमध्ये काहिलीवर आडवी फ्रेम, मधोमध मोटर आणि खाली फिरणारी पाती होती. लॅपटॉपवरचं ते चित्र गुळव्यानं नीट निरखलं. (वाचकांपैकी ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, रस कधी उतरवायचा हे ठरवणारा तिथला मुख्य कारागीर म्हणजे गुळव्या. पाक पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांत धरून तो सांगतो, आला का नाही.) त्यानं विचारलं, "ह्यो सांगाडा वर आडवा ठेवला तर मळी कुठनं काढू?"

रस तापला आणि भेंडीचं पाणी पडलं की मळी, म्हणजे रसातली घाण, वर येते आणि ती झाऱ्यानं सतत काढावी लागते. फ्रेम नेमकी झाऱ्याच्या वाटेत होती. शिवाय ढवळायची खरी निकड शेवटी, पाक घट्ट होऊन करपायला लागतो तेव्हा. आणि त्यानंतर लगेच काहील गूळ थंड करायच्या वाफ्यात रिकामी करायची असते, म्हणजे यंत्र झटकन बाजूला झालं पाहिजे. रात्री दोनपर्यंत जागून केलेल्या आकडेमोडीत यातलं काहीच नव्हतं. मामांनी आणखी एक विचारलं. हंगाम उसाचा, चार-पाच महिने चालणार. उरलेले महिने हे यंत्र काय करणार, आणि मग त्याचे पैसे किती वर्षांत फिटणार? ज्या कॉस्टिंगला विराज घाबरत होता त्याचा पहिला धडा त्याला चुलवाणापाशी उभं राहून मिळाला.

पुढच्या भेटीत तो अर्धा तास फक्त मळीबद्दल बोलत होता. फ्रेम एका बाजूच्या खांबावर बिजागरीनं कशी उचलायची ते त्यानं माझ्या वहीवर काढून दाखवलं. आई बाहेर बसली होती. ती मला नंतर म्हणाली, "घरात पोरगं पुन्हा बोलाय लागलंय ओ."

तिघं एका रात्रीत बदलले नाहीत. तिथं मी त्याला एक जुना प्रयोग सांगितला. मॅक्स रिंगेलमान हे फ्रेंच कृषी अभियंते. त्यांनी माणसांना दोरी ओढायला लावली आणि १९१३ साली निष्कर्ष छापले. जितकी माणसं जास्त, तितका प्रत्येकाचा जोर कमी पडत गेला. पुढं मानसशास्त्रज्ञांनी टाळ्या वाजवण्यावर आणि ओरडण्यावर असेच प्रयोग केले. त्यातली महत्त्वाची गोष्ट ही की आपला आवाज वेगळा मोजला जाणार आहे असं माणसांना वाटलं की ढिलाई उरली नाही. विराजनं यावरून एक साधा कागद केला. कामाचं नाव, करणाऱ्याचं नाव, तारीख. ‘आपण सगळे मिळून रिपोर्ट लिहू’ असली एकही ओळ त्यात ठेवायची नाही, एवढंच मी सांगितलं होतं. साक्षीकडं गुऱ्हाळवाल्यांशी बोलणं आणि खर्च, गावाला जाणाऱ्याकडं गिअरबॉक्स आणि मोटरचे दर, मोटारसायकलवाल्याकडं वर्कशॉपमधून पाती करून आणणं. पाती पहिल्यांदा वाकडी आली. विराजला ती स्वतः करायची अनिवार इच्छा झाली आणि त्यानं ती आवरली. मला विचाराल तर सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त आनंद त्या वाकड्या पात्यांचा झाला.

सादरीकरणात परीक्षकांनी खर्चाबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला, हे साक्षी सांगेल, मला तिच्याइतकं माहीत नाही. मार्क चांगले पडले. पण मला त्यानं फोन करून आधी सांगितलं ते हे वाक्य, मार्क नंतर.

इंग्रजीचा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, म्हणून त्याबद्दल. आधी आपलं यंत्र घरातल्या कुणाला तरी मराठीत समजावून सांगा, त्यांनी मध्ये प्रश्न विचारेपर्यंत. जिथं ते अडले तिथं तुमचंच काहीतरी कच्चं आहे. मग तेच लहान लहान इंग्रजी वाक्यांत आणा. शाफ्ट, गिअर, टॉर्क हे शब्द तर तुमच्या तोंडात आहेतच. सुरुवातीची दोन वाक्यं पाठ असू द्यात, म्हणजे पाय स्थिर होतात. बाकीचं पाठ करू नका. पाठ केलेलं पहिल्याच प्रश्नाला तुटतं आणि मग मुलं म्हणतात की मला बोलताच येत नाही. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारा म्हणायला काहीही हरकत नाही, परीक्षकांना त्याचं वाईट वाटत नाही.

पालकांना एक विनंती. ‘तो मित्र काही करत नाही तर तू एकट्यानं करून टाक, मार्क तुझे जातील’ हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो, पण तो मुलाची भीती पक्की करतो. त्यापेक्षा ‘तू त्याला काय करायला सांगितलंस?’ एवढं विचारा.

आणि खरंच काम न करणारे असतात. विचारून, नेमकं काम देऊन, तारीख ठरवूनही काही जण हलत नाहीत. अशा वेळी गाईडकडं जायला लाजू नका, आणि जायचं तर शेवटच्या आठवड्यात रडत जाऊ नका. ठरलेली कामं, तारखा आणि काय झालं, काय राहिलं हे एका कागदावर नेलं तर ती चुगली होत नाही, तो प्रोजेक्टचा अहवाल होतो. ‘अमुक आळशी आहे’ असं म्हणू नका. ‘हे काम या तारखेला ठरलं होतं, अजून झालेलं नाही, आम्ही पुढं कसं जावं?’ असं विचारा. झोप, भूक, कॉलेजला जाणं यांवर दोन-तीन आठवडे सलग परिणाम दिसत असेल तर मात्र प्रोजेक्ट संपायची वाट पाहू नका. समुपदेशकाकडं किंवा मनोविकारतज्ज्ञांकडं जा, आणि लगेच कुणाशी बोलायचं असेल तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. तिथं मराठीत बोलता येतं.