विहिरीत पोहणाऱ्यांनी समुद्राखाली जाण्यापूर्वी

पावसाळा सरून मालवण-तारकर्लीची किनारपट्टी पर्यटकांसाठी खुली होऊ लागली की सोलापुरातून स्कूबा डायव्हिंगविषयीची (म्हणजे पाठीवरच्या सिलिंडरमधील हवेवर श्वास घेत पाण्याखाली जाण्याविषयीची) पत्रे या सदराकडे येऊ लागतात. यंदा आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे. वाचकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : मी उत्तर सोलापूर तालुक्यातील शेतकरी कुटुंबातला आहे. लहानपणापासून विहिरीत पोहतो आणि सहा-सात परस पाण्यात बुडी मारून तळाचा गाळ हातात घेऊन वर येतो. मला तारकर्लीला जाऊन स्कूबा करायचे आहे. माझ्यासारख्याला वेगळ्या प्रशिक्षणाची गरज आहे का?

उत्तर : होय, आणि कदाचित इतरांपेक्षा अधिक आहे. आपले पोहणे पक्के आहे, पाण्याची भीती नाही, ही जमेची बाजू आहे. परंतु विहिरीने अंगी बाणवलेली एक सवय समुद्राखाली जिवावर बेतू शकते, आणि ती म्हणजे श्वास रोखून धरणे.

विहिरीत बुडी मारताना आपण काठावरची हवा छातीत भरून खाली जातो. खोलीबरोबर दाब वाढतो, तशी ती हवा आकसते आणि वर येताना मूळ आकारमानावर परतते, म्हणून फुप्फुसांना इजा होत नाही. स्कूबामध्ये मात्र तोंडातला रेग्युलेटर भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा पुरवतो. समुद्राच्या पृष्ठभागावर दाब 1 वातावरण असतो, तर 10 मीटर खोलीवर तो 2 वातावरण होतो. तेथे छाती भरून घेतलेली 6 लिटर हवा श्वास रोखून वर आणली, तर पृष्ठभागापाशी ती 12 लिटर होऊ पाहते. फुप्फुसांना तो ताण पेलत नाही, त्यांच्या नाजूक भिंती फाटतात आणि हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. यासाठी फार खोल जावे लागते असेही नाही. छाती पूर्ण भरलेली असताना अवघ्या दीड मीटरवरून श्वास रोखून वर येणेही धोक्याचे ठरते, कारण दाबातील बदलाचे प्रमाण पृष्ठभागाजवळच सर्वांत मोठे असते.

म्हणूनच स्कूबाचा पहिला नियम असा की श्वास कधीही रोखायचा नाही. रेग्युलेटर तोंडातून निसटला असेल, तेव्हाही ओठांतून बुडबुड्यांची बारीक धार सोडत राहायचे. आपल्यासारख्या सराईत पोहणाऱ्याचे शरीर अडचणीच्या क्षणी नेमके याच्या उलट वागते, म्हणजे तोंड घट्ट मिटून झपाट्याने वर झेपावते. ही प्रतिक्रिया मोडायला सांगून भागत नाही, उथळ पाण्यात पुन्हा पुन्हा सराव करावा लागतो. वर येण्याचा वेग मिनिटाला 9 मीटरपेक्षा अधिक नसावा आणि 5 मीटरवर तीन मिनिटे थांबून मगच पृष्ठभागावर यावे, ही शिस्तही तेथेच अंगवळणी पडते.

पर्यटकांसाठी असलेल्या अर्ध्या-पाऊण तासाच्या अनुभवात प्रशिक्षक आपल्याला धरून नेतो. तेवढेच करायचे असेल तरी उतरण्यापूर्वी उथळ पाण्यात सराव करून घेतात का, बोटीवर प्राणवायूचा संच आहे का आणि एका प्रशिक्षकामागे किती जण उतरतात, हे विचारून घ्यावे. स्वतंत्रपणे डायव्हिंग करायचे असेल, तर ‘ओपन वॉटर’ अभ्यासक्रम पूर्ण करावा. त्यात सैद्धांतिक भाग, तलावातील सराव आणि समुद्रातील चार डाइव्ह असतात. न थांबता 200 मीटर पोहणे आणि 10 मिनिटे तरंगत राहणे या चाचण्या आपल्याला मुळीच जड जाणार नाहीत. त्यानंतर जोडीदारासह 18 मीटरपर्यंत जाता येते. तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे.

आणखी एक गोष्ट आताच लक्षात ठेवावी. पाण्याखाली अंगठा वर करणे म्हणजे ‘मला वर जायचे आहे’. सगळे ठीक असेल, तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा असतो. चित्रीकरण चालू असताना कॅमेऱ्याकडे पाहून आनंदाने अंगठा दाखवणारे अनेक जण प्रशिक्षकाला नकळत चुकीचा निरोप देतात.

प्रश्न : गेल्या वर्षी पाण्यात उतरताच कान इतके दुखले, की मला वर यावे लागले. माझ्या कानांत काही दोष असेल का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, सोलापूर)

उत्तर : बहुधा नाही, तरी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून पडदा तपासून घ्यावा. आंबोली घाट उतरताना कानात दडे बसतात आणि वर असताना झाकण लावलेली पाण्याची रिकामी बाटली खाली येईपर्यंत चेपते, हे आपण पाहिले असेल. पाण्याखाली हाच बदल कितीतरी वेगाने होतो. काही मीटर उतरताच पडद्यावर जो दाब येतो, तेवढा फरक पडायला हवेत अनेक किलोमीटरची चढउतार करावी लागेल. यावर उपाय म्हणजे नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, नाकात अलगद हवा फुंकणे. दुखू लागल्यावर नव्हे, तर डोके पाण्याखाली जाताच सुरुवात करावी आणि दर अर्ध्या मीटरला ते पुन्हा करावे. कान मोकळा झाला नाही, तर थोडे वर येऊन पुन्हा प्रयत्न करावा, जोर मात्र कधीही लावू नये. सर्दी असेल, त्या दिवशी उतरूच नये. सर्दीची गोळी घेऊन उतरणे हा मार्ग नव्हे, कारण तिचा असर खाली असतानाच उतरला, तर वर येताना अडकलेली हवा बाहेर पडत नाही.

प्रश्न : माझे वय 52 असून रक्तदाबाची गोळी चालू आहे. लहानपणी दमा होता. मुले आग्रह करतात. बोटीवर फक्त एका कागदावर सही घेतात, असे ऐकले. (वाचक भगिनी, जुळे सोलापूर)

उत्तर : त्या कागदातील वैद्यकीय प्रश्नावली ही आपल्या हिताची गोष्ट आहे. ‘सगळ्याला नाही लिहा, म्हणजे काम होईल’ असे कोणी सुचवले, तर तेथून परतावे. नियंत्रणात असलेला रक्तदाब हा स्वतःहून अडथळा ठरत नाही. दम्याचा विचार मात्र गांभीर्याने व्हायला हवा, कारण आकुंचित श्वासनलिकांमागे हवा अडकली, तर वर सांगितलेली फुप्फुसांची इजा श्वास न रोखताही होऊ शकते. पंचेचाळिशीनंतर हृदयाची तपासणीही महत्त्वाची ठरते. सोलापुरातच आपल्या डॉक्टरांना भेटून, श्वसनक्षमतेची चाचणी करून, लेखी संमती घेऊन निघावे. संमती मिळाली नाही, तर मुलांचा आग्रह मोडण्यात काहीही वावगे नाही.

प्रश्न : सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो ना? तो किती वेळ पुरतो?

उत्तर : सिलिंडरमध्ये गाळून, कोरडी करून दाबाखाली भरलेली साधी हवा असते. शुद्ध प्राणवायू 6 मीटरहून खोल पाण्यात विषारी ठरतो आणि त्यामुळे आकडी येऊ शकते. 12 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बार (1 बार म्हणजे जवळपास 1 वातावरण) दाबाने 2400 लिटर हवा मावते. पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर हवा लागणाऱ्या माणसाला 10 मीटरवर 40 लिटर लागते. 50 बार राखीव ठेवायचे असल्याने तेथे साधारण 45 मिनिटे मिळतात. घाबरून धापा टाकणाऱ्याची हवा याच्या निम्म्या वेळातही संपू शकते.

प्रश्न : स्वतःची साधने घ्यावीत का?

उत्तर : सुरुवातीला फक्त मास्क घ्यावा. पोहण्याचा गॉगल चालत नाही, कारण त्यात नाक बाहेर राहते आणि आतील दाब समतोल करता येत नाही. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर ठेवून नाकाने हलका श्वास आत घ्यावा. मास्क चिकटून राहिला, तर तो आपल्या चेहऱ्याला बसतो. दाट मिशी असलेल्यांच्या मास्कमध्ये थोडे पाणी झिरपतेच, ते नाकाने फुंकून काढायला शिकवतात. चष्मा असल्यास नंबरच्या काचांचा मास्क मिळतो. अभ्यासक्रम झाल्यावर डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे खोली आणि वेळ मोजणारे मनगटी यंत्र, घ्यावा. रेग्युलेटर आणि बीसीडी जॅकेट (हवा भरून किंवा सोडून पाण्यात तरंगणे सांभाळणारे जॅकेट) यांची दरवर्षी जाणकाराकडून देखभाल करावी लागते, त्यामुळे वर्षातून एकदा जाणाऱ्याने ती भाड्याने घेणेच श्रेयस्कर. परतल्यावर मास्क गोड्या पाण्यात बुडवून धुवावा आणि सावलीत वाळवावा. सोलापूरच्या उन्हात गाडीच्या काचेमागे तो कधीही ठेवू नये.

प्रश्न : आम्ही मित्र रात्री सोलापूरहून निघून सकाळी मालवणला डाइव्ह करणार आणि त्याच संध्याकाळी परतणार आहोत. हे योग्य आहे का?

उत्तर : नाही. दाबाखाली श्वास घेताना हवेतील नायट्रोजन शरीरात विरघळतो आणि तो बाहेर पडायला काही तास लागतात. तेवढ्यात उंचावर गेल्यास भोवतालचा दाब कमी होतो आणि या वायूचे बुडबुडे होण्याची शक्यता वाढते. हा धोका विमानप्रवासापुरताच आहे असे अनेकांना वाटते, परंतु डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंगच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना सुमारे 600 मीटरवरील उंचीला लागू होतात आणि आंबोली त्याहून उंच आहे. मालवणहून दोन-अडीच तासांत आपण तेथे पोहोचता. दुसरा कोणताही घाट निवडला, तरी सह्याद्री ओलांडावाच लागतो. एका डाइव्हनंतर किमान 12 तास, तर अनेक डाइव्ह किंवा सलग काही दिवसांनंतर 18 तास थांबावे. उथळ पाण्यातील एका छोट्या डाइव्हनंतर धोका कमी असतो, हे खरे आहे. पण रात्रभर जागून, पुरेसे पाणी न पिता पाण्यात उतरण्याचेही समर्थन करता येत नाही. आदल्या दिवशी पोहोचून झोप घ्यावी, सकाळी डाइव्ह करावा आणि ती रात्र मालवणातच काढावी. त्या दोन्ही रात्री मद्यपान टाळावे. नंतर सांधे दुखणे, मुंग्या येणे, चक्कर येणे किंवा विलक्षण थकवा जाणवल्यास प्रवासाचा शीण समजून दुर्लक्ष करू नये. तत्काळ प्राणवायू द्यावा, रुग्णालय गाठावे आणि आपण डाइव्ह केला होता, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

प्रश्न : उजनी जलाशयात सराव करता येईल का?

उत्तर : करू नये. तेथील पाणी गढूळ आहे, मासेमारीची जाळी पसरलेली असतात आणि पाण्याखाली जुन्या गावांचे अवशेष आहेत. जाळ्यात अडकलेल्याला शोधायलाही तेथे काही दिसणार नाही. मास्कमधले पाणी काढणे, फिन्स (पायात घालायचे रबरी पंख) घालून संथ पोहणे आणि 10 मिनिटे तरंगणे यांचा सराव शहरातील जलतरण तलावात, जीवरक्षकाच्या नजरेसमोर करावा.