क्षेपणास्त्रांचं वेड आणि गणितातले ७१

प्रश्न : मॅडम, आम्ही भगूरला राहतो. देवळालीच्या तोफखान्याचा सराव सुरू झाला की आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरतात. लेक लहानपणापासून त्या आवाजावर आकडे मोजत बसायची. ऑपरेशन सिंदूरच्या बातम्या पाहिल्यापासून तर क्षेपणास्त्रांशिवाय दुसरा विषय नाही. दहावीला तिला ८४ टक्के आहेत, पण गणितात ७१च. तिचे बाबा अंबडच्या एका कंपनीत सीएनसी मशीनवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कटाई यंत्रावर, आहेत. क्लासवाले जेईईच्या दोन वर्षांचे पावणेदोन लाख सांगतात आणि पहिला हप्ता लगेच मागतात. तिचा मामा म्हणतो, डिप्लोमाला घाला. ती मला विचारते, 'जीपीएस बंद पाडलं तर क्षेपणास्त्र वाट चुकतं का?' मला काय उत्तर द्यावं कळत नाही. आणि मनातलं सांगायचं तर, मुलीनं शस्त्रं बनवायच्या कामात पडावं का, हाच मला प्रश्न आहे. – एक आई

उत्तर :

ताई, फी, क्लास, डिप्लोमा सगळ्यावर बोलू. पण आधी लेकीच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तुमचा निर्णय त्यातूनच सोपा होणार आहे.

जीपीएस बंद पडलं म्हणून लांब पल्ल्याचं क्षेपणास्त्र वाट चुकत नाही. त्याचा मुख्य वाटाड्या त्याच्या पोटातच असतो. लेकीला एक दिवस नाशिकरोडहून शालिमारकडे जाणाऱ्या सिटी बसमध्ये डोळे मिटून उभं राहायला सांगा. बस निघाली की अंग मागे जातं, ब्रेक लागला की पुढे, द्वारकेच्या चौकात वळली की बाजूला. हे झटके किती जोराचे होते आणि किती वेळ टिकले, हे तिला तंतोतंत मोजता आलं, तर खिडकीबाहेर न बघता ती आपण कुठे आहोत ते सांगू शकेल. क्षेपणास्त्र हेच करतं. त्वरणमापक झटके मोजतो, जायरोस्कोप वळणं मोजतो आणि आतला संगणक सेकंदाला शेकडो वेळा बेरीज करत राहतो. त्वरणाच्या बेरजेतून वेग, वेगाच्या बेरजेतून जागा. बाहेरून कुणाचा संदेश यावा लागत नाही, त्यामुळे तो अडवताही येत नाही.

अडचण आहे ती या बेरजेत. मापनात बारीकशी चूक असली तरी ती दर क्षणी बेरजेत मिसळत जाते. समजा त्वरणमापक ०.०१ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकं चुकीचं दाखवतो, म्हणजे गुरुत्वत्वरणाचा साधारण हजारावा भाग. एका मिनिटात १८ मीटरची चूक होते, दहा मिनिटांत १८०० मीटरची. वेळ दहापट झाली, चूक शंभरपट. नववीच्या 'गतीचे नियम' या धड्यातलंच सूत्र आहे हे, तिला स्वतः मांडून बघू द्या.

बॅलिस्टिक क्षेपणास्त्राचं इंजिन तर फक्त पहिली काही मिनिटं चालतं. त्यानंतर ते भिरकावलेल्या दगडासारखं जातं. इंजिन बंद होताना वेग किती आणि दिशा कोणती, यावरच पुढचं जवळजवळ सगळं ठरतं. दहा हजार किलोमीटरच्या पल्ल्यावर त्या क्षणी वेगात सेकंदाला एक मीटरची चूक झाली, तर ते काही किलोमीटर लांब पडतं. दिशेचं तसंच. पाच हजार किलोमीटरवर एका अंशाची चूक म्हणजे सुमारे ८० किलोमीटर बाजूला. ती ८० मीटरवर आणायची तर दिशा अंशाच्या हजाराव्या भागापर्यंत धरावी लागते, म्हणजे शंभर मीटरवर दोन मिलीमीटरहून कमी. त्यात हवेत असण्याच्या वीस मिनिटांत पृथ्वी पाच अंश फिरलेली असते आणि तिचं गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखं नसतं. हे सगळं आधी हिशेबात धरावं लागतं.

आता तिच्या बाबांकडे येते. ताई, या विषयातला तिचा पहिला गुरू घरातच आहे, हे तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात मोलाचं वाटलं. सकाळी पहिला जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला भाग, निघाला की ते तो मापून बघत असतील. वीस मायक्रॉन, म्हणजे मिलीमीटरचा पन्नासावा भाग, मोठा आला तर तेवढा ऑफसेट, म्हणजे दुरुस्तीचा आकडा, टाकतात. दुपारी मशीन तापलं की माप सरकतं, इन्सर्ट, म्हणजे कापणारं टोक, घासला की पुन्हा सरकतं. अनुभवी ऑपरेटरला आपलं मशीन कधी, किती आणि कुठल्या बाजूला चुकतं हे माहीत असतं, म्हणूनच त्याचे जॉब पास होतात. जायरोवर काम करणारा इंजिनिअर हेच करतो. प्रत्येक जायरो वेगवेगळ्या तापमानांना तपासतात, तो कुठे किती चुकतो ते लिहून काढतात आणि ती चूक संगणकातून वजा करतात. माहीत असलेली चूक काढून टाकता येते. सगळी लढाई उरलेल्या, माहीत नसलेल्या चुकीशी असते.

अग्नी-५ मध्ये रिंग लेझर जायरो आहे. त्यात फिरती चकती नसते. आरशांमधल्या बंद वाटेनं प्रकाशाचे दोन किरण उलटसुलट दिशांना सोडतात. सगळं यंत्र जरा वळलं की दोघांच्या वाटेत अतिसूक्ष्म फरक पडतो आणि त्या फरकावरून वळण कळतं. १९८७ मध्ये काही देशांनी क्षेपणास्त्र तंत्रज्ञानाच्या विक्रीवर निर्बंध घातले. असे भाग आपल्याला मिळेनासे झाले, तेव्हा ते इथेच बनवावे लागले. हैदराबादची 'रिसर्च सेंटर इमारत' ही डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेची प्रयोगशाळा आणि तिरुवनंतपुरममधलं इस्रोचं इनर्शियल सिस्टिम्स युनिट, ही या कामाची दोन मोठी घरं.

मग जीपीएस कशासाठी? साचत गेलेली चूक मधून मधून पुसायला. पण उपग्रहाचा संदेश वीस हजार किलोमीटरवरून येतो आणि इतका क्षीण असतो की जमिनीवरून तो दाबून टाकता येतो. शिवाय उपग्रह दुसऱ्या देशाचे असतील तर चावीही त्यांच्याच हातात. आपण 'नाविक' ही आपली स्वतःची उपग्रह दिशादर्शन यंत्रणा उभारायला घेतली ती यासाठीच. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ ला गेला. पुढे परदेशातून आणलेली तिच्यातली काही आण्विक घड्याळं बंद पडली आणि मे २०२३ मध्ये सोडलेल्या उपग्रहात आपलं स्वतःचं रुबिडियम घड्याळ बसवलं गेलं. काही क्षेपणास्त्रं ताऱ्यांवरूनही दिशा तपासतात. जमिनीलगत उडणारी क्रूझ क्षेपणास्त्रं खालच्या जमिनीचे चढउतार मोजून साठवलेल्या नकाशाशी ताडून बघतात. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेच्या टॉमहॉकनं हीच रीत वापरली.

'दोन हजार किलोमीटरवरून खिडकीतून आत शिरतं' असली वाक्यं तिनं ऐकली असणार. तिला सीईपी हा शब्द सांगा. अंगणातल्या चिंचेच्या खोडावर वीस दगड मारा. त्यातले दहा ज्या वर्तुळात पडले, त्याची त्रिज्या म्हणजे सीईपी. उरलेले दहा बाहेर पडतात, हे बातम्यांत कुणी सांगत नाही. अमेरिकेच्या पाणबुडीतून सुटणाऱ्या ट्रायडंट-२ चा सीईपी जाणकार शंभर मीटरच्या आसपास मानतात आणि तो जगातल्या सर्वोत्तमांपैकी आहे. क्रूझ क्षेपणास्त्रं शेवटपर्यंत स्वतःला वळवू शकतात, म्हणून ती काही मीटरपर्यंत येतात. पुढच्या वेळी कुणी 'अचूक' म्हणालं की तिनं विचारावं : कितीच्या वर्तुळात, आणि किती टक्के?

आता तुमची शंका. तिला मी बाजूला सारणार नाही. ८ सप्टेंबर १९४४ ला जर्मनीचं पहिलं व्ही-२ रॉकेट लंडनवर पडलं. त्याचा नेम कित्येक किलोमीटरनं चुकायचा, त्यामुळे शहराएवढ्या मोठ्या गोष्टीवरच ते टाकता यायचं आणि मरायची ती घराघरातली माणसं. ते पडून जेवढी माणसं मेली त्याहून जास्त ते बनवायला जुंपलेले कैदी मेले. ज्यांनी गणितं केली त्यांना हे दिसत नव्हतं असं मला वाटत नाही. अचूकता वाढली की निरपराध कमी मरतात, हे एका अर्थी खरं आहे. पण नेम कशावर धरायचा, हे जायरो सांगत नाही. म्हणून लेकीशी यावर मोकळेपणानं बोला, तिला तुमची अस्वस्थता कळू द्या. हेच ज्ञान विमानांत, उपग्रहांत, पाणबुड्यांत आणि आता दिंडोरीच्या द्राक्षबागांवर फवारणी करणाऱ्या ड्रोनमध्येही लागतं. ते शिकून कुठे जायचं ते ती पंचविशीत ठरवेल आणि तो तिचा अधिकार आहे. आज तो दरवाजा तुम्ही लावून घेऊ नका, एवढंच माझं म्हणणं.

वाटांचं सांगते. डीआरडीओमध्ये शास्त्रज्ञ होण्यासाठी बहुतेक जण इंजिनिअरिंगची पदवी प्रथम श्रेणीत मिळवून 'गेट' या परीक्षेच्या गुणांवर अर्ज करतात. या कामासाठी इलेक्ट्रॉनिक्स, इन्स्ट्रुमेंटेशन, मेकॅनिकल आणि एरोस्पेस या शाखा जवळच्या. आयआयटीच हवी असं मुळीच नाही. क्षेपणास्त्र शास्त्रज्ञ टेसी थॉमस यांचं नाव तिला सांगा. केरळात थुंबाच्या रॉकेट केंद्राच्या बातम्या ऐकत त्या वाढल्या, त्रिशूरच्या सरकारी कॉलेजात इंजिनिअर झाल्या, आपल्या पुण्यात गिरीनगरला क्षेपणास्त्रांच्या विषयात एमई केलं, १९८८ मध्ये डीआरडीओत गेल्या आणि अग्नी-४ व अग्नी-५ च्या कामाचं नेतृत्व केलं. दिशादर्शन हाच त्यांचा विषय. तोफांच्या आवाजावर सेकंद मोजणाऱ्या मुलीला ही गोष्ट परकी वाटणार नाही.

डिप्लोमा वाईट नाही, मामांना तसं सांगा. त्यानंतर थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला जाता येतं, डीआरडीओची तांत्रिक सहायकांची भरतीही असते. पण बारावीच केली नाही तर आयआयएसटीसारखी अवकाश तंत्रज्ञान शिकवणारी इस्रोची संस्था आणि एनडीए, दोन्ही हातचे जाऊ शकतात. मुलींना एनडीए खुली झाली आहे आणि एप्रिल २०२३ पासून तोफखान्यातही महिला अधिकारी आहेत. तुमच्या तावदानांना हादरवणारं ते स्कूल ऑफ आर्टिलरी उद्या तिचंही होऊ शकतं. इकडे ओझरच्या एचएएलच्या विमान कारखान्यातून जून २०१६ मध्ये ब्रह्मोस क्षेपणास्त्र बसवलेलं सुखोई विमान पहिल्यांदा उडालं. म्हणजे हा विषय आपल्या जिल्ह्याला नवा नाही.

माझा कौल अकरावी विज्ञानाला आहे. कॉलेज साधं चालेल, अभ्यास सीईटीचा मन लावून, आणि जेईई मेन जमेल तेवढ्या तयारीवर एकदा द्यायची. पावणेदोन लाखांचा क्लास नको. ७१ गुणांच्या मुलीला पहिल्या महिन्यापासून शर्यतीत उतरवलं की आवडता विषयही नकोसा होतो. वर्गात शिकवत होते तेव्हा असं होताना मी डोळ्यांनी पाहिलंय, एकदा नाही, अनेकदा. ते पैसे इंजिनिअरिंगच्या वेळी उपयोगी पडतील. तेव्हाही, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि तुम्ही ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमध्ये मोडत असाल, तर कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांतून, प्रवेश घेणाऱ्या मुलींची शिकवणी आणि परीक्षा फी २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. दाखले आत्तापासून काढून ठेवा, ऐनवेळी तहसीलमध्ये रांगा लागतात.

पण हा कौल पक्का करण्याआधी एक काम. व्हिडिओ बघायला आवडणं आणि या कामात रमणं यात फरक असतो, तो घरीच कळेल. मोबाईलवर फायफॉक्स नावाचं मोफत ॲप घ्या, त्यात त्वरणमापकाचे आकडे दिसतात. फोन टेबलावर आडवा ठेवून एक मिनिट हात लावायचा नाही. फोन जागचा हलत नाहीये, तेव्हा लांबी-रुंदीच्या दिशेचे आकडे शून्य यायला हवेत. येणार नाहीत. जो आकडा येईल तो त्या सूत्रात घालून, फोननं स्वतःच्या समजुतीनं एका मिनिटात किती मीटर प्रवास केला ते तिनं काढायचं. मग फोन तिथेच टेबलावर अर्धा फिरवायचा, म्हणजे फोन आडवाच राहून वरची कड आपल्या बाजूला येईल, आणि पुन्हा मोजायचं. आकडा बदललेला असेल. का बदलला, हे तिला कुणीही सांगू नका. बाबांनी फक्त कंपनीतली लेव्हल, म्हणजे सपाटी तपासायचं साधन, एक दिवस घरी आणून टेबलावर ठेवावी. मीटरला एक मिलीमीटरचा उतारसुद्धा त्या आकड्यात दिसतो, एवढीच खूण पुरे.

टेबलाची चूक किती आणि फोनची किती, हे दोन्ही वेगळं काढेपर्यंत ती जेवायला उठली नाही, तर मला वहीच्या त्या पानाचा फोटो पाठवा. कंटाळून तासाभरात व्हिडिओकडे वळली, तरी कळवा. मग आपण दुसरीकडून विचार करू. तोवर क्लासचा हप्ता भरू नका.