बर्फात मासेमारी करताना गळाला अनपेक्षित काय लागलं?

एकदा असा मासा लागला की ज्याने माझ्या मनगटालाच वेटोळं घातलं.

मी मूळचा गुहागरकडचा, नोकरीमुळे अमेरिकेतल्या मिनेसोटात. फेब्रुवारीत ऑफिसातला एक जुना सहकारी मला लीच लेक या गोठलेल्या तळ्यावर घेऊन गेला. गिरमिटाचा मोठा भाऊ शोभेल अशा ऑगरने बर्फाला भोक पाडायचं, वर तंबूवजा खोपटं उभं करायचं, आत हीटर लावायचा आणि बसायचं. बर्फाखाली मासे जगतात कसे, हे मलाही आधी कळत नव्हतं. पाणी सर्वांत जड असतं ते ४ अंश सेल्सिअसला. त्यामुळे त्याहून गार पाणी वर राहतं, बर्फ वर तरंगतो आणि तळाशी माशांना राहण्याजोगं पाणी उरतं. बर्फ नितळ आणि पक्का असेल तर माणसाने चालायला निदान ४ इंच जाडी हवी म्हणतात. आमच्याखाली त्याहून बरीच जास्त होती, तरी पहिला तास मी पाय जपूनच टाकत होतो.

आम्हाला हवा होता वॉलाय, इकडचा लाडका मासा. दिवसभर दोन-तीन बारके मिळाले. अंधार पडला तसा सहकारी सामान आवरायला लागला, आणि माझी दोरी जड झाली. झटका नाही, धावपळ नाही, नुसतं ओझं. मला वाटलं, गळ तळातल्या ओंडक्यात अडकला. ओढत गेलो तर भोकातून चपटं, रुंद डोकं वर आलं. हनुवटीखाली एकच मिशी, अंगावर चिखलाच्या रंगाचे डाग, दोनेक फूट लांब. गळ काढायला धरला तर शेपटी सरळ माझ्या हातावर गुंडाळली! बुळबुळीत इतका की बोंबील परवडला.

सहकारी हसून म्हणाला, "ईलपाउट आहे. दे टाकून."

याचं दुसरं नाव बर्बट. पुष्कळ लोक त्याला कुरूप म्हणून बर्फावर फेकून द्यायचे, मग गरुड आणि कावळे त्यावर ताव मारायचे. गंमत म्हणजे याच तळ्याकाठच्या वॉकर गावात कित्येक वर्षं फेब्रुवारीत याच माशाच्या नावाने जत्रा भरायची. फेकायचा आणि जत्राही त्याचीच, हा हिशोब मला अजून जमलेला नाही.

मी फोटो आईला पाठवला. तिचा लगेच फोन. "अरे, ही तर वाम! सोलून घे, कातडी ठेवू नकोस."

वाम नव्हती ती. बर्बट हा कॉड माशाचा भाऊबंद, त्या घराण्यातला गोड्या पाण्यातच आयुष्य काढणारा एकटाच. बाकीचे मासे थंडीत मंदावतात, हा मात्र ऐन हिवाळ्यात, बर्फाखाली, रात्रीच्या वेळी अंडी घालतो. म्हणून अंधार पडल्यावर लागला. पण सोलायचा सल्ला बरोबर होता. खवले इतके बारीक आणि कातडीत रुतलेले की खरवडून काही होत नाही. मानेभोवती चीर देऊन पक्कडीने कातडी ओढली, सदऱ्याची बाही उलटी करावी तशी निघाली. आत पांढरंशुभ्र मांस, काटे फार थोडे.

इकडचे जे खातात ते मिठाच्या पाण्यात उकळून वितळलेल्या लोण्यात बुडवून खातात आणि याला 'गरिबाचा लॉबस्टर' म्हणतात. मी निम्मा तसा केला, निम्म्याला हळद, मीठ, तिखट, कोकमाचं आगळ लावून रव्यात घोळवून तळला. सहकाऱ्याने लोण्यातला तसाच ठेवला आणि तळलेल्या तुकड्या संपवल्या.

तुम्ही जाणार असाल तर परवाना आधी काढा आणि काळोख झाल्यावर अंधारात चमकणारा गळ तळापासून वीतभर वर ठेवून बघा. मिळालाच तर गरम असतानाच खा, कारण गार झाला की रबरासारखा चिवट होतो. दुसऱ्या दिवशी उरलेला मी डब्यात नेला होता, तो तसाच परत आणला.