सौंदर्यप्रसाधनाच्या लेबलवर 'फॉर्माल्डिहाइड-मुक्त' आणि आत फॉर्माल्डिहाइड, म्हणजे डोळ्यांना आणि श्वासाला त्रास देणारं रसायन. अशा वेळी अमेरिकेत सरकार काय करतं?

कारवाई होते, पण माल विकला गेल्यावर. तिथे रंगद्रव्यं सोडली तर कॉस्मेटिकला बाजारात येण्याआधी एफडीएची (तिथल्या अन्न व औषध प्रशासनाची) मंजुरी लागतच नाही.

'ब्राझिलियन ब्लोआउट' हे केस सरळ करायचं द्रावण घ्या. ते फॉर्माल्डिहाइड-मुक्त म्हणून विकलं जायचं. सलूनमध्ये काम करणाऱ्यांचे डोळे जळायला लागले, श्वासाचा त्रास सुरू झाला, तेव्हा तपासणी झाली. ऑगस्ट २०११ मध्ये एफडीएने कंपनीला इशारापत्र धाडलं: नमुन्यांत ८.७ ते १०.४ टक्के मिथिलीन ग्लायकॉल! हे म्हणजे पाण्यात मिसळलेलं फॉर्माल्डिहाइडच. ड्रायर आणि गरम इस्त्री लागली की वायू होऊन थेट नाकात जातं. त्यामुळे लेबल खोटं ठरलं. घटकांच्या यादीत मिथिलीन ग्लायकॉल किंवा फॉर्मालिन दिसलं, तर पुढे लिहिलेल्या 'मुक्त'वर अजिबात विसंबू नका.

२०१२ मध्ये कॅलिफोर्नियाने याच कंपनीकडून तडजोडीत सहा लाख डॉलर घेतले आणि धोक्याची सूचना द्यायला लावली. विक्री मात्र थांबली नाही, आणि मला हे फार अन्यायाचं वाटतं. रोज तो वायू हुंगणार ती सलूनमध्ये गिऱ्हाइकांचे केस सरळ करणारी बाई. माल सक्तीने परत मागवण्याचा अधिकार एफडीएला मिळाला तो थेट २०२२ च्या कायद्याने.